लावलेले वाद्य, विकत घेतलेले वाद्य

मराठीत वाद्य 'लावतात'. दिवा लावावा, रोप लावावे, जीव लावावा, तसाच तंबोरा लावावा. या सर्व प्रयोगांमागे एक समान जाणीव आहे. वस्तू हाती आली म्हणजे काम संपले असे नाही. ती आपल्या कामाला लागली पाहिजे. न लावलेला दिवा म्हणजे नुसते तेल आणि वात. न लावलेले वाद्य म्हणजे लाकूड आणि तार. बाजारातून आपण आणतो ते बहुधा एवढेच असते. त्याचे वाद्य करण्याचे उरलेले काम कोणीतरी करायचे असते. ते कोणी करायचे, ती विद्या कोणाकडे असते आणि तिच्यापासून कोण दूर राहतो, या प्रश्नांचा इतिहास वाद्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. मात्र तो सहसा लिहिला जात नाही.

मराठी शिकवणाऱ्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या वर्गात परभणी, गंगाखेड, पोखर्णी अशा पट्ट्यातली मुले येतात. त्यांतली काही अलीकडे गिटार मागवतात. पूर्वी ज्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागे, ते वाद्य आता खोक्यात बंद होऊन घरी येते. काही महिने खटपट चालते, मग ते वाद्य माळ्यावर जाते. विचारले की उत्तर ठरलेले असते: "सर, मला कानच नाही." या उत्तरावर आमचा विश्वास नाही. पुष्कळदा कान चांगला असतो. वाद्य लागलेले नसते. न लागलेल्या वाद्यावर बोट योग्य जागी पडले तरी स्वर चुकतो, आणि ज्याला कान आहे त्यालाच तो अधिक खटकतो. म्हणजे कान असण्याचीच शिक्षा त्या मुलाला मिळते आणि तो तिचा अर्थ उलटा लावतो. हा गैरसमज कसा घडतो हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गावाचा कान

परभणीहून गंगाखेडच्या दिशेने निघाले की पोखर्णी लागते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव मराठवाडाभर ओळखले जाते. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकाचे नावही 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. पुढचे गंगाखेड जनाबाईचे. या भागात वाद्य ही नवलाईची वस्तू नव्हे. भजन, कीर्तन, सप्ताह, वरात, जत्रा यांतून ते कानावर पडतच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाद्य लावण्याची क्रियाही इथे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते.

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. कातडे सैल असेल तर आवाज बसका येतो, म्हणून पाचट किंवा काड्यांचा जाळ करून तिला ऊब द्यायची आणि मधूनमधून टिचकी मारून आवाज पाहायचा. पावसाळ्यात ती लवकर उतरते, उन्हाळ्यात चढून बसते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. ती किती, कितपत सैल, मध्यभागी की किंचित बाजूला, यावर धुम्याचा घुमार ठरतो. भजन संपले की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा मळायची. म्हणजे हे वाद्य दर बैठकीला नव्याने लागते. एकदा लावले आणि कायमचे झाले, ही कल्पनाच तिथे नाही.

सप्ताहातल्या वीणेची गोष्ट याहून निराळी आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. वीणेकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेतात. तिथे सुरापेक्षा अखंडपणा मोठा, आणि वाद्याची मालकी कोणा एकाची नाही. आपल्या पाळीपुरती ती आपली. या तिन्ही उदाहरणांत मालकी आणि निगा यांची फारकत झालेली नाही. जो वाजवतो तोच शेकतो, तोच कणीक मळतो, आणि त्याच्याकडे पाहत उभा असलेला पोर ते न शिकवता शिकतो.

मिरजेची जवारी

तंतुवाद्यांच्या बाबतीत मात्र काम आणि विद्या यांची वाटणी झाली. तिचे महाराष्ट्रातले सर्वांत स्पष्ट उदाहरण मिरज हे आहे. हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्या परंपरेचे आद्य नाव मानले जाते. हत्यारांची मागणी ओसरत होती, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानात संगीताला आश्रय होता. पोलादाला सरावलेला हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळला. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात यांवर ही पेठ उभी राहिली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गायक मिरजेत स्थिरावल्याने घडवणारा आणि गाणारा यांच्यातले अंतर एका गल्लीचे उरले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या सगळ्या पार्श्वभूमीवर.

मिरजेच्या कारागिरीचा गाभा म्हणजे जवारी. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तो तसा नसतो. त्याला अतिशय हलका उतार असतो. तार थरथरते तेव्हा त्या उताराला ओझरता स्पर्श करत राहते, आणि या स्पर्शातून एका स्वरात अनेक स्वर उमलतात. हा उतार कानसेने घासून, ऐकून, पुन्हा घासून काढायचा असतो. एक फटका जास्त पडला की आवाज चिरका होतो. कमी पडला की बोथट राहतो. त्यानंतर वाजवणारा तारेखाली दोरा सरकवून जवारी 'खोलतो'. मराठीने हा शब्द इतका आपला केला की आपण गायकाच्या गळ्यालाही 'जवारीदार' म्हणतो.

येथे कामाची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. दोरा सरकवणे, मणी हलवणे, खुंटी पिळणे हे वादकाचे काम. जवारी काढणे हे कारागिराचे. वाद्य वर्षानुवर्षे वाजले की तारेने घोडीला चरे पडतात आणि ते पुन्हा कारागिराकडे न्यावे लागते. म्हणून तंतुवाद्याची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही. जवारीवाला किती कोसांवर राहतो यावर ती ठरते. मिरज, सांगली, कोल्हापूर, पुणे या टापूतल्या विद्यार्थ्याला तो जवळ होता. परभणीच्या विद्यार्थ्याला नव्हता. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थानांभोवती वाद्यकारांची जशी पेठ तयार झाली तशी ती इकडे उभी राहिली नाही. अभिरुची इकडेही होती. पण लावून देणारा हात दूर होता.

लावावी न लागणारी पेटी

ही अडचण एका परदेशी वाद्याने सोडवली. हातपेटीचे हिंदुस्थानी रूप कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास प्रचारात आणले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. महाराष्ट्रात संगीत नाटकाने पेटीला प्रतिष्ठा दिली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला साथीच्या पलीकडे नेले. पण ती गावोगाव पोचली याचे कारण वेगळे होते. पेटी लावावी लागत नाही. पितळी सूर कारखान्यातच घासून बसवलेले असतात. बोट ठेवले, भाता हलवला की स्वर तयार. पावसाळा असो वा उन्हाळा, भजनी मंडळाला तिचा आधार असतो. जवारीवाल्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावाला हे वरदानच होते.

वरदानाची किंमतही होती. जो स्वर कारखान्याने बसवला तो वाजवणाऱ्याला हलवता येत नाही. या मुद्द्यावरून विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे मोठा खल झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीतून पुस्तक लिहिले. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेल्या क्लेमंट्स यांनी त्यांच्या विचारांना साथ दिली आणि श्रुती-हार्मोनियम तयार करून घेण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत तीन दशके टिकली.

या वादात पेटीचे सूर बरोबर की चूक यावर सर्वांनी लिहिले. ते सूर बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. श्रुती-हार्मोनियमचे उत्तरसुद्धा कारखान्यातच घडायचे होते. पेटीने वाद्य सर्वांना दिले आणि 'लावणे' सर्वांकडून काढून घेतले. पखवाजाला कणीक लावणारा हात आणि पेटीवर फिरणारा हात एकाच भजनात शेजारी बसले, पण त्यांचे वाद्याशी असलेले नाते सारखे राहिले नाही.

तिरकस कमरेची गिटार

गिटार ही या दोन टोकांच्या मधली वस्तू आहे. पेटीप्रमाणे ती कारखान्यात तयार होते, स्वस्त मिळू शकते; पण तंबोऱ्याप्रमाणे ती लावावी लागते. मुंबईत ती गोव्याच्या वादकांबरोबर, चर्च, नृत्यगृहे आणि पुढे चित्रपटसंगीत यांतून रुळली. धोबी तलावची फुर्टाडोज ही पाश्चात्त्य वाद्यांची पेढी १८६५ पासूनची. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' मधली भूपिंदर सिंग यांची इलेक्ट्रिक गिटार घरोघरी पोचली. परंतु परदेशी वाद्य विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. आयातीवरचे निर्बंध आणि जकात यांमुळे मुंबईतल्या वादकांनाही जुन्या, देशी किंवा कोणीतरी परदेशातून आणलेल्या वाद्यांवर भागवावे लागे. १९९१ नंतर ही स्थिती हळूहळू बदलली.

याच काळात एका राजस्थानी कलावंताने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी घेऊन, तारा उंच करून, त्यांवर पोलादी कांडी सरकवत रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका प्रसिद्धच आहे. बोटाने पडद्यावर दाबून वाजवणाऱ्याला तारेची उंची त्रासदायक. काबरांना तीच आवश्यक. दोष आणि गुण वाद्यात नसतात, ते कशासाठी लावले आहे यात असतात, हे यातून स्पष्ट होते.

आता आमच्या विषयातल्या गिटारकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५८ मध्ये 'जॅझमास्टर' बाजारात आणली. तोवरच्या गिटारच्या कमरेच्या दोन्ही बाजूंचे बाक समोरासमोर असत. फेंडर यांनी ते एकमेकांपासून सरकवले, त्यामुळे वाद्य बसलेल्या वादकाच्या मांडीवर तोल राखून राहते. ही सरकलेली, तिरकस कंबर म्हणजेच 'ऑफसेट'. १९६२ मध्ये आखूड तारांची 'जॅग्वार' आली, १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठीची 'मस्टँग'.

जॅझमास्टर ही फेंडर यांची त्या वेळची सर्वांत वरच्या दर्जाची गिटार होती आणि ती जॅझ वादकांसाठी होती. जॅझ वादकांनी ती घेतली नाही. ते आपल्या पोकळ अंगाच्या गिटारींवर खूश होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे 'सर्फ' संगीत वाजवणारे तरुण तिच्याकडे वळले, पण ती लाटही काही वर्षांत ओसरली. दरम्यान एक निराळीच गोष्ट घडली. १९५८ मध्ये गिटारला जाड, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा लावत. त्यांचा ताण मोठा, म्हणून घोडीवरचा दाबही मोठा. साठच्या दशकात पातळ तारांचे युग आले. वाद्य तेच राहिले, तारा बदलल्या. आणि जाड तारांच्या हिशेबाने रचलेल्या घोडीवर पातळ तारा डळमळू लागल्या, खाचेतून निसटू लागल्या, झणझणू लागल्या. लोकांनी निष्कर्ष काढला की वाद्यच वाईट आहे. १९७५ मध्ये जॅग्वार आणि १९८० च्या सुमारास जॅझमास्टर बनवणे बंद झाले.

नामंजूर झालेली वस्तू स्वस्त होते, आणि स्वस्त झालेली वस्तू नव्या माणसांच्या हाती जाते. न्यूयॉर्कच्या 'टेलिव्हिजन' या वाद्यवृंदाचा टॉम व्हर्लेन आणि इंग्लंडचा एल्व्हिस कॉस्टेलो हे १९७७ मध्ये जॅझमास्टर घेऊन पुढे आले. 'सॉनिक यूथ'च्या वादकांनी जुन्या, स्वस्त गिटारी जमवल्या आणि प्रत्येकीच्या तारा निराळ्या स्वरांत लावल्या. एकेक गिटार एकेका गाण्यासाठी लावून ठेवलेली. त्यांची 'डेड्रीम नेशन' १९८८ ची. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'च्या केव्हिन शील्ड्सने १९९१ च्या 'लव्हलेस' मध्ये या गिटारच्या हलत्या दांड्याचा उपयोग करून स्वर सतत लहरता ठेवला. कर्ट कोबेनच्या हाती १९६५ ची जॅग्वार होती. या माणसांपैकी कोणीही हे वाद्य जसे आले तसे वापरले नाही. पाया त्यांच्या पैशाच्या टंचाईचा होता. पण त्यावर जे उभे राहिले ते लावण्याच्या कलेमुळे.

हे वाद्य आमच्यापर्यंत पोचले ते 'स्क्वायर' या नावाने. तारा बनवणारी ही जुनी कंपनी फेंडरने १९६५ मध्ये घेतली आणि १९८२ पासून जपानमध्ये तिच्या नावाने कमी किमतीच्या गिटारी बनू लागल्या. पुढे उत्पादन चीन, इंडोनेशिया अशा देशांत गेले. जे. मॅस्किस या वादकाच्या नावाची स्वस्त जॅझमास्टर २०११ मध्ये निघाली आणि त्यानंतर तिरकस कमरेची गिटार परवडणाऱ्या वस्तूंत जाऊन बसली. लाकूड कापणारे यंत्र आता इतके नेमके असते की स्वस्त वाद्याचा सांगाडा बहुधा ठीक असतो. काटकसर होते ती शेवटच्या तासाभराच्या मनुष्यकामात, म्हणजे नेमकी 'लावण्यात'. किंमत उतरते आणि तेवढे काम मालकाकडे सरकते.

लावण्याची रीत

आम्ही काही सहकारी मिळून अशी एक गिटार काही वर्षे सांभाळतो आहोत, म्हणून तिच्या लावण्याचा क्रम इथे नोंदवतो. हत्यारे साधी आहेत: अ‍ॅलन-कीचा जुडगा, स्क्रू-ड्रायव्हर, मिलिमीटरची पोलादी पट्टी, स्वर दाखवणारे यंत्र किंवा मोबाइलमधले तसेच अ‍ॅप, आणि एक साधे पोस्टकार्ड.

पहिली गोष्ट तारांची. या गिटारला पातळ तारांपेक्षा थोड्या जाड, ११ क्रमांकाच्या तारा मानवतात. १९५८ चा हिशेब त्यामुळे अंशतः पुन्हा जुळतो. दुसरी गोष्ट मानेची. मानेच्या आत पोलादी सळई असते आणि तारांच्या ताणाला ती तोंड देते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली की मधल्या पडद्यांवर पोस्टकार्डाच्या जाडीइतकी, सुमारे पाव मिलिमीटर, फट दिसावी. फट जास्त असेल तर सळई कसायची, नसेलच तर सैल करायची. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही.

तिसरी गोष्ट या गिटारची खास. मान धडात जिथे बसते त्या खोबणीच्या घोडीकडच्या टोकाला पातळ पाचर घातली की मान किंचित मागे कलते. मग तारा योग्य उंचीवर आणण्यासाठी घोडी वर घ्यावी लागते, तारा घोडीवरून अधिक कोनात खाली उतरतात आणि दाब वाढतो. पातळ तारांनी जो दाब घालवला तो हा कोन परत आणतो. चिरफाड न करता, एका चिपेच्या आधारे, पन्नास वर्षांचा अपवाद सुटतो. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवायची. शेवटी प्रत्येक तारेची लांबी: बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. तो चढा लागला तर घोडीवरचा टेकू मागे घ्यायचा, उतरता लागला तर पुढे.

घोडी डुलते हे पाहून पुष्कळ जण ती कागद खुपसून घट्ट करतात. ती डुलावी अशीच योजना आहे. दांडा दाबला की तारा सैल होतात, आणि घोडी त्यांच्याबरोबर हलून पुन्हा जागेवर येते. घर्षण कमी होते व सूर टिकतो. रचनाकाराचे म्हणणे कळले की दोष वाटणारी गोष्ट योजना ठरते.

या गिटारमध्ये घोडी आणि तारा अडकवण्याची पट्टी यांत बरेच अंतर असते. त्या मागच्या तारांना कोणी छेडत नाही, तरी पुढे वाजलेल्या स्वराला त्या बारीक साद देतात. सतारीच्या तरफांची आठवण व्हावी असा हा गुण आहे. तरफा मुद्दाम लावलेल्या असतात, ही साद अनुषंगाने येते. हा फरक मान्य करूनही नाते उरतेच. झणझणाटाची गोष्ट याहून बोलकी आहे. तारेने लाकडाला किंवा धातूला ओझरते शिवणे, हाच जवारीचा प्राण आणि हाच गिटारचा दोष. मिरजेचा कारागीर ज्या झणझणाटासाठी दिवसभर घासतो, तो झणझणाट घालवण्यासाठी गिटारचा मालक पाचर घालतो. पण दोघांना एकच गोष्ट ऐकू यावी लागते: तार कुठे, किती शिवते.

हे काम एकदा करून भागत नाही. परभणीचा मे महिना आणि ऑगस्ट महिना यांत लाकूड एकसारखे राहत नाही. उन्हाळ्यात मानेचे लाकूड आक्रसते, पडद्यांची टोके बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात मान हलते आणि तारांची उंची बदलते. ऋतू पालटला की पुन्हा पोस्टकार्ड काढायचे. हलगी शेकणाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही.

कान कोणाचा

आता त्या माळ्यावर गेलेल्या गिटारकडे परत जाता येईल. तिच्या खोक्यात छापील पत्रक असते, हमीचे कार्ड असते. लावणारा हात नसतो. शहरात तो दुकानात मिळतो. गावातल्या मुलाला आता हा क्रम पडद्यावर पाहायला मिळतो, आणि ही सोय लहान नाही. पण पाहणे म्हणजे ऐकणे नव्हे. सळई पाव फेरा फिरवल्यावर काय बदलले ते शेजारी बसून कोणीतरी ऐकवावे लागते. ते ऐकवणारे कोणी नसते तेव्हा मुलगा दोष स्वतःकडे घेतो.

हे फक्त वाद्यांपुरते खरे नाही, असे आम्हांस वाटते. साहित्याच्या वर्गातही आम्ही पुस्तक हाती देतो आणि ते 'लागले' असे गृहीत धरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गद्याचे दीर्घ वाक्य, ओवीचा यती, एखाद्या शब्दाचा हरवलेला अर्थ: हे कोणी लावून दिले नाही तर वाचणारा झणझणाट ऐकतो आणि म्हणतो, मला साहित्यातले कळत नाही. पुस्तके स्वस्त होणे चांगलेच, ग्रंथालये होणे त्याहून चांगले. परंतु वस्तू परवडणे आणि ती आपली होणे यांत जे काम असते ते कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. ते आपोआप होते असे समजणे ही सुस्थितांची सवय आहे. त्यांच्या घरी ते कोणीतरी आधीच केलेले असते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. मराठवाड्यातल्या मुलाच्या हाती इलेक्ट्रिक गिटार येणे ही संस्कृतीवरची आपत्ती नाही आणि प्रगतीचा पुरावाही नाही. तो तंबोरा, पेटी, पखवाज यांच्याच इतिहासातला पुढचा टप्पा आहे, आणि त्याचा निकाल अजून लागायचा आहे. ही गिटार पेटीच्या वाटेने गेली, म्हणजे कारखान्याने जसे दिले तसेच वाजवायचे किंवा टाकून द्यायचे असे झाले, तर माळे भरतील. ती पखवाजाच्या वाटेने गेली, म्हणजे लावण्याची विद्या हातातून हातात फिरू लागली, तर गाव तिला आपल्या वाद्यांत बसवून घेईल. त्यासाठी गायनाच्या मास्तरांना, पखवाज मळणाऱ्या बुवांना आणि पोस्टकार्ड हाती घेतलेल्या मुलाला एका सतरंजीवर बसावे लागेल. पखवाज मळणाऱ्या बुवांना गिटार येत नसेल. पण वाद्य उतरले आहे की हात चुकतो आहे, हे त्यांना पहिल्या टिचकीत कळते. त्या मुलाला सर्वांत आधी हवे आहे ते हेच सांगणारे माणूस.